अल्बेनिया: बेताच्या खर्चातला युरोप

अल्बेनिया हा युरोपच्या आग्नेय भागातला, बाल्कन द्वीपकल्पावरचा छोटा देश आहे. उत्तरेला माँटेनेग्रो, ईशान्येला कोसोवो, पूर्वेला उत्तर मॅसिडोनिया, दक्षिणेला ग्रीस आणि पश्चिमेला एड्रियाटिक व आयोनियन समुद्र, अशा त्याच्या सीमा. क्षेत्रफळ २८,७४८ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. २०२३ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे २४ लाख, म्हणजे एकट्या पुणे शहराहून कमी. इटलीचा किनारा ओट्रांटोच्या सामुद्रधुनीपलीकडे जेमतेम ७२ किलोमीटरवर आहे. एवढ्याशा जागेत निळाशार समुद्र, अडीच हजार मीटरहून उंच डोंगर, रोमन काळातले अवशेष आणि ऑटोमन वळणाची दगडी गावे एकत्र सापडतात.

मराठी प्रवाशाची युरोपची कल्पना बहुधा पॅरिस, स्वित्झर्लंड आणि रोम यांच्यापाशी थांबते. तिथला खर्च पाहून अनेक कुटुंबे हा बेतच सोडून देतात किंवा आठ दिवसांत सहा देश दाखवणाऱ्या सहलीत सामील होतात. अल्बेनियासारखा देश निवडला, तर त्याच पैशांत एकाच भूमीवर निवांत दहा दिवस राहता येते. मात्र देश स्वस्त आहे म्हणून प्रवास आपोआप स्वस्त होत नाही. प्रवेशाची कागदपत्रे, ऋतू आणि फिरण्याचा क्रम या तीन गोष्टी आधी नीट ठरवल्या, तरच खर्च आटोक्यात राहतो. या तिन्हींतली एक जरी चुकली, तरी हॉटेल आणि जेवणात वाचवलेले पैसे तिथेच निघून जातात.

स्वस्ताईचे मूळ

अल्बेनिया युरोपात असूनही अपरिचित का राहिला, याचे उत्तर त्याच्या इतिहासात आहे. चार शतकांहून अधिक काळ ऑटोमन सत्तेखाली राहिलेल्या या देशाने २८ नोव्हेंबर १९१२ रोजी व्लोरा शहरात स्वातंत्र्य जाहीर केले. एप्रिल १९३९ मध्ये इटलीने तो ताब्यात घेतला. १९४४ च्या अखेरीस एन्वेर होजा यांच्या नेतृत्वाखालील कम्युनिस्ट सत्तेवर आले आणि होजा १९८५ मध्ये मृत्यूपर्यंत सत्तेत राहिले. त्यांनी आधी युगोस्लाव्हियाशी, १९६१ मध्ये सोव्हिएत संघाशी आणि १९७८ मध्ये चीनशीही संबंध तोडले. देश पूर्णपणे एकटा पडला. १९६७ मध्ये धर्माचरणावर बंदी आली आणि मशिदी व चर्चना टाळे लागले. शत्रू कधीही चाल करून येईल या भयाने देशभर काँक्रीटचे बंकर बांधले गेले. त्यांची संख्या सुमारे १ लाख ७० हजार सांगितली जाते. सामान्य माणसाला देशाबाहेर जाण्याची मुभा नव्हती आणि खासगी मोटार बाळगण्याचीही नव्हती.

डिसेंबर १९९० मधील विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर ही राजवट कोसळली. पण १९९७ मध्ये फसव्या गुंतवणूक योजना बुडाल्या, लाखो कुटुंबांची बचत गेली आणि देश अराजकाच्या काठावर पोहोचला. त्यानंतर तो हळूहळू सावरला. २००९ मध्ये तो नाटोचा सदस्य झाला, २०१४ मध्ये त्याला युरोपीय संघाच्या सदस्यत्वाचा उमेदवार म्हणून मान्यता मिळाली आणि २०२२ मध्ये त्यासाठीच्या वाटाघाटी सुरू झाल्या. शेजारच्या ग्रीस आणि क्रोएशियात पर्यटन बहरले, त्या दशकांत अल्बेनियाचा किनारा बंद दाराआड होता. वेतनमान आणि दर अजूनही पश्चिम युरोपच्या मानाने खाली आहेत, त्याचे हे कारण.

ही परिस्थिती बदलत आहे. २०२३ मध्ये परदेशी पाहुण्यांची संख्या प्रथमच एक कोटीच्या वर गेली. त्यांतले बहुतेक कोसोवो, इटली आणि आसपासच्या देशांतले असतात. किनाऱ्यावरचे उन्हाळी दर त्यामुळे झपाट्याने वाढले आहेत. आतल्या भागातली गावे मात्र अजून परवडणारी आहेत.

प्रवेशाची कागदपत्रे

अल्बेनिया शेंगेन क्षेत्रात येत नाही. त्याचा व्हिसा वेगळा असतो आणि भारतीय पासपोर्टधारकाला तो लागतो. अर्ज अल्बेनिया सरकारच्या ऑनलाइन व्हिसा प्रणालीतून करता येतो. पासपोर्ट, राहण्याचे आरक्षण, परतीचे तिकीट, बँकेचा तपशील आणि प्रवासविमा ही नेहमीची कागदपत्रे हाताशी ठेवावी लागतात.

यात एक महत्त्वाची सवलत आहे. ज्यांच्याकडे शेंगेन, अमेरिका किंवा ब्रिटनचा अनेक प्रवेशांचा वैध व्हिसा आहे आणि तो व्हिसा त्या प्रदेशात जाण्यासाठी किमान एकदा वापरला गेला आहे, त्यांना अल्बेनियात वेगळ्या व्हिसाशिवाय १८० दिवसांच्या कालावधीत ९० दिवसांपर्यंत राहता येते. या देशांत निवासाचा परवाना असलेल्यांनाही ही सवलत मिळते. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत वा इंग्लंडमध्ये असल्याने ज्यांच्या पासपोर्टवर असा व्हिसा आधीच आहे, अशी मराठी कुटुंबे आज थोडी नाहीत. त्यांच्यासाठी व्हिसाचा खर्च आणि खटाटोप दोन्ही वाचतात.

इथेच एक सापळाही आहे. शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल आणि प्रवासी ग्रीस किंवा इटलीतून अल्बेनियात गेला, तर तो शेंगेन क्षेत्राबाहेर पडतो आणि त्याचा प्रवेश संपतो. परतीचे विमान अथेन्स किंवा रोमहून असेल, तर पुन्हा आत जाता येत नाही. म्हणून अल्बेनिया आणि शेंगेन देश एकत्र जोडायचे असतील, तर अनेक प्रवेशांचा व्हिसाच हवा. दुसरीकडे, अल्बेनियात घालवलेले दिवस शेंगेनच्या ९० दिवसांत मोजले जात नाहीत, हा फायदाही ध्यानात ठेवावा. विमान कुठे बदलायचे आहे आणि त्या विमानतळावर भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हेही तिकीट काढण्यापूर्वी पाहावे. नियम वरचेवर बदलतात. त्यामुळे अल्बेनियाच्या परराष्ट्र मंत्रालयाची ताजी सूचना वाचूनच पैसे भरावेत.

ऋतू

अल्बेनियाच्या किनाऱ्यावर भूमध्यसागरी हवामान आहे. उन्हाळा कोरडा आणि कडक, तर पाऊस हिवाळ्यात. आपल्याकडच्या पावसाळ्याच्या नेमके उलट. मे, जून आणि सप्टेंबर हे महिने फिरायला उत्तम. ऊन सोसवते, गर्दी कमी असते आणि खोल्यांचे दर उतरलेले असतात. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावरच्या खोलीचे भाडे मे महिन्याच्या दुप्पट होणे नवलाचे नाही. सप्टेंबरमध्ये समुद्राचे पाणी उबदार असते आणि अंजिरे व द्राक्षे बाजारात येतात, म्हणून अनुभवी प्रवासी हा महिना पसंत करतात.

महाराष्ट्रातल्या शाळांच्या सुट्ट्यांशी याचा मेळ घालायचा, तर मे महिन्याची सुट्टी देशाच्या मध्य आणि दक्षिण भागासाठी अगदी योग्य आहे. उत्तरेच्या डोंगरांत मात्र त्या वेळी खिंडींमध्ये बर्फ असू शकते. तिथली पायवाट जून ते सप्टेंबर या काळातच भरवशाची. दिवाळीची सुट्टी फारशी सोयीची नाही. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून पाऊस वाढतो, नोव्हेंबर हा सर्वाधिक पावसाच्या महिन्यांपैकी एक आहे आणि किनाऱ्यावरची बरीच उपाहारगृहे बंद झालेली असतात. ज्यांना समुद्राची ओढ नाही आणि शहरे व किल्लेच पाहायचे आहेत, त्यांना एप्रिलही चालतो.

पोहोचण्याचे मार्ग

तिराना ही राजधानी. तिथला आंतरराष्ट्रीय विमानतळ मदर तेरेसा यांच्या नावाने ओळखला जातो आणि शहरापासून सुमारे १७ किलोमीटरवर आहे. मुंबईहून थेट विमान नाही. इस्तंबूल किंवा दुबई इथे विमान बदलून जाता येते आणि या मार्गाने शेंगेन क्षेत्रात पाऊल ठेवावे लागत नाही. युरोपातील कमी दराच्या विमान कंपन्यांनीही तिरानाला मोठ्या संख्येने उड्डाणे सुरू केली आहेत. त्यामुळे लंडन, मिलान किंवा व्हिएन्नाहून तिराना हे तिकीट पुष्कळदा स्वस्तात मिळते. अशा कंपन्यांच्या तिकिटात बहुधा लहानशी पिशवीच मोफत असते. सामानाचे पैसे वेगळे पडतात, ते आधीच हिशेबात धरावेत.

समुद्रमार्गही आहे. ग्रीसच्या कोर्फू बेटावरून दक्षिणेच्या सारांदा बंदराला जलद बोटीने अर्ध्या तासात पोहोचता येते. इटलीतील बारीहून दुरस बंदराला रात्रभराची फेरी बोट जाते. ज्यांच्याकडे योग्य व्हिसा आहे, त्यांनी कोर्फूहून सारांदाला उतरून वरवर सरकत तिरानाहून परतायचे, अशी आखणी केली तर एकच रस्ता दोनदा तुडवावा लागत नाही.

पैसा आणि त्याचा हिशेब

देशाचे चलन लेक. २०२५ मध्ये एका युरोला साधारण ९७-९८ लेक आणि शंभराहून थोडे अधिक रुपये असा भाव होता. म्हणजे एक लेक आणि एक रुपया जवळपास सारखेच. भारतीय प्रवाशाला डोक्यात गुणाकार करावा लागत नाही. पाटीवर ३०० लेक लिहिले असतील, तर ते सुमारे तीनशे रुपये समजावेत.

एक घोटाळा मात्र टाळायला हवा. १९६५ साली चलनातले एक शून्य कमी करण्यात आले, पण बोलताना बरेच लोक अजून जुन्या हिशेबाने आकडा सांगतात. भाजीवाल्याने तोंडी दोन हजार सांगितले, तर त्याला बहुधा दोनशे अपेक्षित असतात. यात फसवणुकीचा हेतू नसतो, ती जुनी सवय आहे. शंका आली तर आकडा कागदावर किंवा मोबाइलवर लिहून घ्यावा.

अल्बेनियात रोखीचा व्यवहार अजून मोठा आहे. बस, छोटी खानावळ, बाजार आणि डोंगरातली घरे या सगळीकडे नोटाच लागतात. लेक भारतात मिळत नाही आणि रुपया तिथे बदलून मिळत नाही. म्हणून भारतातून युरो न्यावेत आणि तिरानातल्या चलनबदल दुकानांत थोडे थोडे बदलून घ्यावेत. तिथला भाव विमानतळापेक्षा बरा असतो. अनेक एटीएम यंत्रे परदेशी कार्डावर दर वेळी काही शे लेक शुल्क कापतात. त्यामुळे वरचेवर लहान रकमा काढण्यापेक्षा एकदाच मोठी रक्कम काढलेली बरी. यंत्राने रुपयांत हिशेब करू का असे विचारले, तर नाही म्हणून लेकमध्येच व्यवहार करावा, कारण रुपयाचा पर्याय बहुतेक वेळा महाग पडतो. भारतीय बँकांच्या साध्या क्रेडिट कार्डावर परकीय चलनाच्या व्यवहारासाठी २ ते ३.५ टक्के आकार लागतो. असा आकार न घेणारी कार्डेही मिळतात. परतण्यापूर्वी उरलेले लेक संपवावेत किंवा बदलून घ्यावेत, देशाबाहेर ते कुठे फारसे चालत नाहीत.

देशांतर्गत प्रवास

रेल्वे जवळजवळ नाहीच. देश चालतो तो बस आणि फुर्गोन यांच्यावर. फुर्गोन म्हणजे दहा-पंधरा माणसांची छोटी व्हॅन. आपल्याकडच्या वडाप गाडीची आठवण यावी असा तिचा कारभार. समोरच्या काचेवर गावाचे नाव, गाडी भरली की निघायचे, वाटेत हात दाखवला की थांबायचे आणि पैसे उतरताना चालकाच्या हाती द्यायचे. ठरलेल्या वेळांच्या मोठ्या बसही प्रमुख शहरांदरम्यान धावतात. जवळच्या शहरांसाठी काही शे लेक, तर तिरानाहून दक्षिण टोकापर्यंत दीड-दोन हजार लेक लागतात. तिराना शहरातल्या बसचे तिकीट चाळीस लेकच्या आसपास आहे.

बहुतेक गाड्या सकाळीच सुटतात आणि दुपारनंतर त्यांची संख्या झपाट्याने घटते. म्हणून गाव बदलायचे असेल त्या दिवशी सकाळी आठच्या आत बसथांब्यावर असावे. वेळापत्रकाची सर्वांत विश्वासार्ह माहिती आदल्या रात्री मुक्कामाच्या घरमालकाकडून मिळते. दुपारची शेवटची गाडी चुकली की टॅक्सीला बसभाड्याच्या दसपट पैसे मोजावे लागतात. चार जणांचे कुटुंब असेल, तर दक्षिण किनाऱ्यासाठी दोन-तीन दिवस मोटार भाड्याने घेणेही परवडू शकते. त्यासाठी भारतातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्यावा. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवावी लागते आणि डोंगरी रस्ते अरुंद आहेत, याची तयारी हवी.

दहा दिवसांचा मार्ग

पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी तिराना, बेरात, जिरोकास्तर, सारांदा आणि पुन्हा तिराना हा क्रम सोयीचा आहे. प्रत्येक गावी दोन ते तीन रात्री राहिले, तर रोज सामान बांधावे लागत नाही आणि सलग मुक्कामामुळे खोलीच्या भाड्यातही थोडी सूट मागता येते.

तिरानात दोन दिवस पुरतात. मधोमध स्कांदरबेग चौक आहे. पंधराव्या शतकात ऑटोमन सैन्याला पंचवीस वर्षे थोपवून धरणाऱ्या जेर्ज कास्त्रियोती ऊर्फ स्कांदरबेग याचा अश्वारूढ पुतळा तिथे उभा आहे. डोंगरी किल्ल्यांच्या आधाराने बलाढ्य साम्राज्याशी झुंजलेल्या या वीराची कथा मराठी वाचकाला परकी वाटणार नाही. त्याचे क्रुया गाव आणि किल्ला तिरानाहून एका दिवसात पाहून परतता येते. चौकाच्या कडेला एथेम बे मशीद आहे. बंदीच्या काळात बंद असलेली ही मशीद १९९१ मध्ये लोकांनी पुन्हा उघडली. शहरातल्या एका भूमिगत बंकरात आता बंकआर्ट-२ हे संग्रहालय आहे आणि गुप्त पोलिसांच्या पाळतीची कहाणी सांगणारे ‘पानांचे घर’ हे संग्रहालय जवळच आहे. होजांच्या स्मरणार्थ १९८८ मध्ये उभारलेला पिरॅमिड २०२३ मध्ये नव्या रूपात खुला झाला. त्याच्या पायऱ्या चढून वरून शहर पाहायला पैसे पडत नाहीत. ब्लोकू हा भाग एके काळी फक्त पक्षनेत्यांसाठी राखीव होता, सामान्य माणसाला तिथे पाऊल टाकता येत नसे. आज तिथे कॉफीची दुकाने गजबजलेली असतात.

भारताशी असलेला एक हळवा धागा याच शहरात आहे. मदर तेरेसा १९१० मध्ये स्कोप्ये इथे एका अल्बेनियन कुटुंबात जन्मल्या. त्यांची आई आणि बहीण पुढे तिरानात राहत होत्या. त्या काळच्या राजवटीमुळे त्यांची भेट कधीच होऊ शकली नाही आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दोघींचे निधन झाले. मदर तेरेसांना अल्बेनियात येता आले ते १९८९ मध्ये.

तिरानाहून दक्षिणेला सुमारे शंभर किलोमीटरवर बेरात आहे. ओसूम नदीच्या दोन्ही काठांच्या उतारांवर पांढऱ्या भिंतींची घरे एकावर एक रचल्यासारखी दिसतात आणि प्रत्येक घराला रुंद खिडक्यांची रांग. म्हणूनच त्याला हजार खिडक्यांचे गाव म्हणतात. वरच्या किल्ल्याच्या तटबंदीत आजही कुटुंबे राहतात, अंगणात कपडे वाळत असतात आणि काही घरांत पाहुण्यांना खोल्याही मिळतात. किल्ल्यातल्या संग्रहालयात सोळाव्या शतकातील चित्रकार ओनुफ्री याची धार्मिक चित्रे आहेत. त्याच्या लाल रंगाची झळाळी प्रसिद्ध आहे.

पुढचा मुक्काम जिरोकास्तर. छपरांवर दगडी फरशा, रस्त्यात दगड आणि डोंगरावर किल्ला, असे हे संपूर्ण दगडी शहर. युनेस्कोने २००५ मध्ये त्याला जागतिक वारसा यादीत घेतले आणि २००८ मध्ये बेरातची त्यात भर घातली. एन्वेर होजा आणि कादंबरीकार इस्माईल कादरे हे दोघेही याच गावचे. हुकूमशहा आणि त्याच्या काळाचे मर्म कादंबऱ्यांतून उलगडणारा लेखक एकाच गावात वाढले, हा इतिहासाचा विलक्षण योग आहे. कादरे यांना २००५ मध्ये पहिले मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. झेकाते आणि स्केंदुली या जुन्या वाड्यांत ऑटोमन काळातल्या श्रीमंत घरांची रचना पाहता येते. किल्ल्यावर १९५७ मध्ये अल्बेनियात उतरलेले अमेरिकी हवाई दलाचे विमान ठेवलेले आहे.

जिरोकास्तरहून सारांदाला जाताना ‘निळा डोळा’ नावाचा झरा लागतो. जमिनीतून उसळणारे थंडगार पाणी मध्यभागी गडद निळे आणि कडेला हिरवट दिसते. पाणबुडे पन्नास मीटरपर्यंत उतरले, तरी तळ हाती लागलेला नाही. सारांदाजवळचे बुत्रिंत हे या प्रवासातले सर्वांत मोलाचे ठिकाण. सरोवराकाठच्या दाट झाडीत ग्रीक नाट्यगृह, रोमन स्नानगृहे, बायझंटाइन चर्च आणि व्हेनिसकरांचा बुरूज एकमेकांना लागून उभे आहेत. १९९२ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. सारांदाहून स्थानिक बस थेट दाराशी नेते, त्यामुळे सहलीच्या वेगळ्या गाडीची गरज नाही. वाटेवरच्या क्सामिलचे किनारे सुंदर आहेत, पण हंगामात वाळूचा बराच भाग भाड्याच्या खुर्च्यांनी व्यापलेला असतो. मुक्काम सारांदात ठेवून क्सामिलला दिवसभरासाठी जाणे स्वस्त पडते. सारांदाहून तिरानाला परत यायला बसने पाच-सहा तास लागतात.

डोंगराची वाट

ज्यांना पायी चालण्याची आवड आहे आणि जे जून ते सप्टेंबरदरम्यान जाणार आहेत, त्यांनी समुद्राऐवजी उत्तर निवडावी. तिरानाहून श्कोदर दोन तासांवर आहे. मोठे सामान तिथेच मुक्कामाच्या घरी ठेवून पहाटेच्या व्हॅनने कोमानला जायचे. धरणामुळे तयार झालेल्या कोमान सरोवरातून उंच कड्यांमधून सुमारे अडीच तासांचा बोटीचा प्रवास होतो. तिथून वाल्बोना खोऱ्यात मुक्काम. दुसऱ्या दिवशी सुमारे १,८०० मीटर उंचीची खिंड ओलांडून थेथ गावी उतरायचे. हे अंतर सोळा-सतरा किलोमीटर भरते आणि त्याला सहा ते आठ तास लागतात. सह्याद्रीत नियमित भटकणाऱ्याला ही वाट जड जात नाही, मात्र बूट चांगले हवेत. थेथहून व्हॅनने श्कोदरला परतले की चक्र पूर्ण होते.

डोंगरातली घरे रात्रीचे जेवण आणि न्याहारीसह खोली देतात. भाडे शहरापेक्षा अधिक वाटले, तरी त्यात जेवण धरलेले असते आणि जवळपास दुसरी खानावळ नसते. या भागात पाहुणचाराला कायद्याचे मोल होते. डोंगरी टोळ्यांच्या ‘कानून’ या परंपरागत नियमसंहितेत दाराशी आलेल्या पाहुण्याचे रक्षण हे यजमानाचे कर्तव्य मानले जाई. दिलेल्या शब्दाला ‘बेसा’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात अल्बेनियन कुटुंबांनी ज्यू निर्वासितांना याच भावनेने आसरा दिला. जर्मनांच्या ताब्यात असूनही युद्धानंतर तिथे ज्यूंची संख्या आधीपेक्षा जास्त होती.

खाणेपिणे

न्याहारीसाठी ब्युरेक सर्वांत स्वस्त. पातळ पापुद्र्यांमध्ये पालक, चीज किंवा खिमा भरून भाजलेला हा पदार्थ कोपऱ्यावरच्या दुकानात शंभर लेकच्या आसपास मिळतो. साध्या खानावळीत एका माणसाचे जेवण ६०० ते १,००० लेकमध्ये होते. किनाऱ्यावर आणि समुद्र दिसणाऱ्या टेबलावर हाच आकडा दुपटीने वाढतो.

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. ढोबळी मिरची, टोमॅटो आणि ताजे चीज एकत्र शिजवलेले फेर्गेस, भात भरलेल्या मिरच्या व वांगी, पांढऱ्या घेवड्याची आमटी, चीज घातलेली कोशिंबीर आणि भाकरीसारखा जाड पाव सगळीकडे मिळतो. फेर्गेस आणि भरल्या भाज्या कधी मांस घालूनही करतात, म्हणून विचारून घ्यावे. ‘पा मिश’ म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ असावेत. अल्बेनियन ही इंडो-युरोपीय कुळातली स्वतंत्र शाखा आहे. तिच्यातला ‘मिश’ आणि आपला ‘मांस’ हे मुळात एकाच शब्दातून आले आहेत. जिरोकास्तरचे क्यिफ्की, म्हणजे पुदिना घातलेले भाताचे गोळे, चवीला छान असतात, पण त्यात अंडे असते. ‘धाल’ हे पेय तर थेट आपले ताक. मांसाहारी लोकांनी दह्यात भाजलेल्या कोकराच्या मांसाचा ‘तावे कोसी’ हा पदार्थ चुकवू नये.

खोलीला छोटे स्वयंपाकघर असेल, तर खर्च आणखी उतरतो. तिरानाच्या नव्या बाजारात भाज्या, फळे, ऑलिव्ह आणि चीज वजनावर मिळते. घरून नेलेले मेतकूट, चटणी आणि खाकरे यांच्या जोडीला तिथले घट्ट दही आणि टोमॅटो असले, की एका वेळचे जेवण होते.

खर्चाचा अंदाज

दोन माणसांनी एक खोली वापरायची आणि बसने फिरायचे असे धरले, तर मे किंवा सप्टेंबरमध्ये माणशी रोजचा हिशेब साधारण असा बसतो. घरगुती मुक्कामाच्या खोलीचे भाडे ३,००० ते ४,००० लेक, म्हणजे माणशी १,५०० ते २,०००. जेवणखाण आणि कॉफी १,५०० ते १,८००. प्रवासाची सरासरी ५०० ते ७००. संग्रहालये व किल्ल्यांचे प्रवेशशुल्क ठिकाणानुसार ३०० ते १,००० लेक असते, ते रोज लागत नाही, म्हणून दिवसाला सरासरी ५०० धरावे. एकूण बेरीज ४,००० ते ५,००० लेक, म्हणजे जवळपास तेवढेच रुपये. दहा दिवसांचे चाळीस ते पन्नास हजार झाले.

त्यात मुंबईहून जाण्या-येण्याचे विमानभाडे मिळवायचे. हंगाम आणि आरक्षणाच्या वेळेनुसार ते पन्नास ते सत्तर हजारांच्या घरात धरून चालावे. व्हिसा, विमा आणि मोबाइलचे सिमकार्ड यांसाठी वेगळी तरतूद हवी. म्हणजे माणशी सव्वा लाखाच्या आसपास दहा दिवसांचा स्वतंत्र प्रवास बसतो. एकूण खर्चात विमानभाड्याचा वाटा निम्म्याच्या आसपास असल्यामुळे खरी बचत तिकीट तीन-चार महिने आधी काढण्यात आहे. दुसरी बचत गर्दीचे महिने टाळण्यात आणि तिसरी मुक्कामाची गावे कमी ठेवण्यात.

काही ठिकाणी मात्र काटकसर करू नये. आजारपण आणि अपघात यांचा समावेश असलेला विमा घ्यावा, डोंगरात जाणार असाल तर त्यात गिर्यारोहण व सुटकेचा खर्चही पाहून घ्यावा. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री तिरानातच मुक्काम असावा. सारांदाहून त्याच दिवशी येऊन विमान पकडण्याचा बेत फसायला एखादी उशिरा आलेली बसही पुरते. आणि एकूण अंदाजाच्या दहाव्या हिश्श्याएवढी रक्कम कशासाठीही न ठरवता बाजूला ठेवावी, म्हणजे चुकलेली गाडी किंवा वाढलेले भाडे यांमुळे प्रवासाचा बेत विस्कटत नाही.